बुद्धिमत्तेच्या तासाला इंग्रजी

शिष्यवृत्ती परीक्षेचा दुसरा पेपर काढून पाहा. तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीचे, 25 प्रश्न आणि बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न एकाच पुस्तिकेत असतात. वेळ दीड तास. पेपर एक असला तरी शाळेत या दोन विषयांची भेट होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या जादा तासांची सवय जुनी आहे. शाळा भरण्याआधी नाहीतर सुटल्यावर मुले बसतात आणि रांगेतील स्थान, दिशा, नातेसंबंध, सांकेतिक भाषा, विसंगत पद ही प्रकरणे भराभर सोडवतात. हीच मुले इंग्रजीच्या तासाला गप्प होतात. सात जणांची रांग डोक्यात उभी करून मधल्याचे नाव सांगणारे पोर 'ही डझ नॉट कम बाय बस' एवढ्या वाक्यापुढे अडते.

बुद्धी कमी आहे असे तर म्हणता येणार नाही. खरी गोष्ट अशी की पुस्तकातले ते वाक्य त्याने वाचले काय आणि न वाचले काय, त्याचे काहीच अडत नाही. तर्ककोड्यात अडते. चारातले एक वाक्य कळले नाही तर उत्तर निघत नाही, आणि उत्तर काढायची खुमखुमी मुलांत मुळातच असते. म्हणून शिक्षकांना, पालकांना आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की कोडे हे तासाच्या शेवटी उरलेल्या पाच मिनिटांवर टाकू नका. पूर्ण तास कोड्यावर घ्या, आणि कोडे असे निवडा की इंग्रजी वाक्य समजल्याशिवाय ते सुटूच नये.

खाली इंग्रजी शब्दांचे आणि वाक्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. फळ्यावर आणि चिठ्ठ्यांवर ते इंग्रजी लिपीतच लिहायचे.

सुरुवात छोट्या कोड्याने करू. सई, ओंकार आणि अमीर एकाच वर्गात आहेत. तिघांपैकी एक जण मंगळवार पेठेत राहतो, एक शाहूपुरीत, एक कसबा बावड्यात. एक बसने येतो, एक सायकलने, एक चालत. कोण कुठे राहते आणि शाळेला कसे येते? चार चिठ्ठ्या तयार करा:

अमीर वॉक्स टू स्कूल.
ओंकार डझ नॉट कम बाय बस.
द स्टूडंट फ्रॉम कसबा बावडा कम्स बाय बस.
ओंकार डझ नॉट लिव्ह इन शाहूपुरी.

चार मुलांचा एक गट करा. पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळून बसले की गट झाला; बाके हलवायची गरज नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. नियम एकच: चिठ्ठी दाखवायची नाही, फक्त वाचायची. हा नियम सैल सोडलात तर चारही चिठ्ठ्या बाकावर पसरतील, गटातले हुशार पोर दोन मिनिटांत उत्तर काढेल आणि बाकीचे तिघे त्याच्या तोंडाकडे पाहत बसतील. नियम पाळला तर जे मूल एरवी तोंड उघडत नाही त्यालाही वाचावे लागते, कारण त्याच्या चिठ्ठीवाचून गटाचे काम थांबते.

पहिली फेरी बहुधा फसते. पहिला मुलगा घाईत पुटपुटतो, कुणाला काही ऐकू येत नाही, आणि 'अरे, परत वाच की!' असा गलका होतो. तिथे सगळ्यांना थांबवा आणि फळ्यावर लिहा: 'से इट अगेन, प्लीज.' त्या क्षणी मुलांना ते वाक्य हवेच असते, त्यामुळे पाठ करून घ्यावे लागत नाही. दुसऱ्या फेरीत वाचणारा सावकाश वाचतो. अमीर चालत येतो हे कळते. ओंकार बसने येत नाही, चालणारा तर सापडला, म्हणजे ओंकारची सायकल. एखादी मुलगी ओरडते, 'मग सईच बसनं येती!' तिला एवढेच विचारा, 'व्हाय?' ती अडखळत म्हणेल, 'बिकॉज... ओंकार नॉट बस... अमीर वॉक.' हे तुकडे मोडीत काढू नका. शाबासकी द्या आणि तेच वाक्य आपण नीट म्हणून दाखवा: 'यस. ओंकार डझ नॉट कम बाय बस, अँड अमीर वॉक्स. सो इट मस्ट बी सई.' बस म्हणजे बावडा, तेव्हा बावडा सईचा. ओंकार शाहूपुरीचा नाही, म्हणून तो मंगळवार पेठेचा. अमीरला शाहूपुरी उरते.

आता व्याकरणाकडे वळा, तेही पाचच मिनिटे. 'कम्स'मध्ये शेवटी एस आहे, 'डझ नॉट कम'मध्ये नाही. आपली मुले सर्रास 'डझ नॉट कम्स' लिहितात. चिठ्ठ्या हातात असताना त्यांनाच शोधायला लावा की एस कुठे गेला. तो 'डू'ला जाऊन चिकटला आणि 'डझ' झाला, हे चार-पाच मुलांना तरी आपापले दिसते, आणि त्यांनी शेजाऱ्याला सांगितलेले आपल्या सांगण्यापेक्षा जास्त टिकते. मग कोड्यावरच प्रश्न विचारायला सांगा: 'डझ ओंकार कम बाय बस?' 'नो, ही डझन्ट.' 'हू लिव्ज इन शाहूपुरी?' फळ्याच्या एका कोपऱ्यात 'बिकॉज', 'सो', 'इट मस्ट बी', 'इट कान्ट बी' हे शब्द वर्षभर राहू द्या. पुस्तकात 'मस्ट' बहुधा 'केलेच पाहिजे' या अर्थाने येतो. 'असणारच' हा दुसरा अर्थ तर्ककोड्यात पदोपदी लागतो आणि वापरूनच अंगवळणी पडतो.

या पद्धतीमागे आपल्याच देशात, दक्षिणेत झालेला एक मोठा प्रयोग आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि तमिळनाडूतल्या काही साध्या शाळांत व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून इंग्रजी शिकवून पाहिले. मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशी सामग्री द्यायची आणि त्यावरून काहीतरी ठरवायला लावायचे. शिक्षक आधी तसेच एक काम सगळ्या वर्गाबरोबर तोंडी करून घेई, मग मुले दुसरे काम आपापले करीत. 1987 मध्ये आलेल्या 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' या पुस्तकात त्यांनी तीन प्रकारची कामे वेगळी केली: एकाची माहिती दुसऱ्याला सांगण्याची, स्वतःचे मत मांडण्याची आणि दिलेल्या माहितीवरून तर्काने नवे काही काढण्याची. प्रभूंचा कौल तिसऱ्या प्रकाराला होता. मलाही तो पटतो. मात्र व्याकरण पूर्ण बाजूला ठेवणे आपल्याकडे जमणार नाही, आणि ठेवूही नये असे माझे मत आहे. आपल्या मुलाला शेवटी लेखी परीक्षा द्यायची असते. कोडे सुटल्यावरची ती पाच मिनिटे त्यासाठीच.

वेळापत्रकाची कल्पना उचलण्यासारखी आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणा, त्या इंग्रजीत लिहा आणि विचारा: मिसेस पाटील मस्ट रीच गारगोटी बिफोर टेन, व्हिच बस शूड शी टेक? यात 'बिफोर', 'आफ्टर', 'टू लेट', 'द लास्ट बस' हे सगळे आपोआप येते.

नदी ओलांडण्याचे जुने कोडे तर वर्गात करूनच दाखवावे. आल्क्विनच्या नावावर असलेल्या मध्ययुगीन लॅटिन संग्रहात त्यात लांडगा, शेळी आणि कोबी आहेत. आपल्याकडे ते वाघ, शेळी आणि गवताचा भारा असे सांगतात. खडूने वर्गात दोन रेघा ओढा, मधली जागा पंचगंगा. एक मूल नावाडी, तीन मुले वाघ, शेळी आणि भारा. नावेत नावाड्याखेरीज एकालाच जागा. नावाड्याने बोलायचे नाही. वर्गाने इंग्रजीत हुकूम द्यायचा आणि त्याने तेवढेच करायचे. 'टेक द गोट.' 'कम बॅक.' 'टेक द टायगर.' 'ब्रिंग द गोट बॅक.' 'टेक द ग्रास.' 'कम बॅक.' 'टेक द गोट.' सात फेऱ्यांत काम होते. शेळीला परत आणायचे हे सुचेपर्यंत वर्ग अडून बसतो, आणि त्या अडलेल्या वेळात 'नो, नो, टायगर विल ईट गोट!' असे वाक्य मागच्या बाकावरून येते. 'टेक' आणि 'ब्रिंग' यांतला फरक समजावण्यात वेळ घालवू नका. आपले 'ने' आणि 'आण' त्याला चपखल बसतात, आणि नावाडी कुठल्या काठावर आहे ते मुलांना दिसतच असते. शेवटी वहीत 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट', 'फायनली' वापरून सातही पायऱ्या लिहून घ्या.

कोड्याचे वजन किती असावे? प्रभूंचा ठोकताळा असा, की निम्म्या वर्गाला निम्मे काम जमले तर ते योग्य अवघड. सुरुवातीला तर्क अगदी सोपा ठेवा आणि भाषा थोडी नवी. तर्क आणि भाषा दोन्ही एकदम अवघड झाले की मुले दोन्हीकडून सुटतात. पाच घरांचे, झेब्र्याचे प्रसिद्ध कोडे, जे 1962 मध्ये 'लाइफ इंटरनॅशनल'मध्ये आले आणि पुराव्याविना आइनस्टाइनच्या नावावर खपते, ते आठवीच्या आत काढू नका. आयती कोडी घ्याल तर त्यातली परकी नावे, परके खेळ, परके सण बदलून घ्या. मुलाचे डोके तर्काला लागले पाहिजे, 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे काय यात गुंतता कामा नये.

मराठीचे काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. विचार मराठीत होऊ द्या. डोके लढवताना मुलाच्या तोंडाला कुलूप लावले तर डोकेही थांबते. चिठ्ठी, प्रश्न, उत्तर आणि उत्तराचे कारण ही चार मात्र इंग्रजीत. महिनाभरात मधल्या चर्चेतही 'सो' आणि 'बिकॉज' शिरू लागतात.

तर्ककोड्याने वाक्य पक्के होते. स्पेलिंग आणि उच्चार यांसाठी शब्दखेळ हवेत. पहिला खेळ आपल्या गावाच्या नावात आहे. कोल्हापूरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे येतात आणि एकही दोनदा येत नाही: के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर. या आठांतून किती शब्द निघतात ते पाहा. पार्क, ओक, हार्प, लार्क, पोअर, ओरल, पोलर. सगळ्यांत मौजेची जोडी 'अवर'ची: ओ-यू-आर म्हणजे आपले, आणि एच-ओ-यू-आर म्हणजे तास. उच्चार एक, स्पेलिंगे दोन, आणि दोन्ही कोल्हापुरात. ओ-आर आणि ओ-ए-आर, म्हणजे 'किंवा' आणि वल्हे, हीही तशीच जोडी. पाच मिनिटे द्या. तीन अक्षरी शब्दाला एक गुण, चार अक्षरीला दोन, त्यापुढे तीन. पण शब्द नुसता सापडून भागत नाही. तो वाक्यात वापरला तरच गुण. पुढच्या आठवड्यात जोतिबा घ्या. त्यात बोट, बॅट, बिट आणि जॉब सापडतात. मग मुले आपल्या गावाचे नाव घेऊन येतात, आणि स्पेलिंग नीट लिहिण्याची काळजी त्यांची तीच घेतात.

शब्दांची शिडी हा दुसरा खेळ. ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या लुईस कॅरोलने तो 1877 मध्ये काढला आणि 1879 पासून 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात तो छापून येऊ लागला. एका वेळी एकच अक्षर बदलायचे, आणि प्रत्येक पायरीला खरा शब्द हवा. मांजराचा कुत्रा करायचा तर कॅट, कॉट, डॉट, डॉग. थंडाचे गरम करायचे तर कोल्ड, कॉर्ड, कार्ड, वॉर्ड, वॉर्म. या शिडीत कार्डवरून वॉर्डवर जाताना थांबा. बदलले एकच अक्षर, सी जाऊन डब्ल्यू आला, तरी मधला ए 'आ'चा 'ऑ' झाला. ई वॉर्ड, सी वॉर्ड असे पत्ते लिहिणाऱ्या मुलांना हा उच्चार आधीपासून माहीत असतो. त्याचे स्पेलिंग आता नजरेत भरते. ग्रामीण भागातल्या मुलांच्या तोंडी 'कालेज', 'हाल' असे उच्चार येतात, त्यांच्यासाठी कॅट आणि कॉट हीच पायरी चार वेळा म्हणून घ्यावी.

शब्दकोड्याबद्दल एक सावधगिरी. मराठी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात एका चौकटीत काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते. इंग्रजीत एकेक स्वर, एकेक व्यंजन वेगळी चौकट मागते. घरात शब्दकोडे सोडवणारी आई, आजोबा इंग्रजीकडे वळले की इथे गोंधळतात. आधी आपण भरलेले एक छोटे कोडे दाखवा, मग रिकामे द्या. आणि कूट सूचनांची इंग्रजी शब्दकोडी शिकणाऱ्याला देऊच नका. ती इंग्रजीत मुरलेल्यांसाठी असतात.

लहान मुलांना सर्वांत जास्त काय आवडते म्हणाल, तर 'मी कोण?' या प्रकारची कोडी. आपल्याकडे कोडी घालायची परंपरा घरोघर आहे, तिचाच धागा पकडा. 'इट हॅज टीथ, बट इट कान्ट बाइट.' कंगवा. हे लगेच सुटते, कारण कंगव्याला आपणही दातच देतो. 'इट हॅज अ नेक, बट नो हेड.' बाटली. 'इट हॅज हँड्स, बट इट कान्ट क्लॅप.' इथे वर्ग अडतो. घड्याळाला आपण हात देत नाही, काटे देतो. 'इट हॅज ॲन आय, बट इट कान्ट सी.' सुई, आपण त्या डोळ्याला नेढे म्हणतो. 'इट हॅज अ बेड, बट इट नेव्हर स्लीप्स.' नदी, तिचे आपल्याकडे पात्र. जिथे दोन भाषा वेगळ्या वाटेने जातात तिथेच नवा शब्द पक्का होतो. म्हणून अडल्यावर घाईने उत्तर सांगू नका. चित्र काढा, एक जादा सूचना द्या.

चार-पाच कोडी झाली की मुलांना स्वतः रचायला सांगा. साचा त्यांच्या हातात आलेला असतो: 'इट हॅज..., बट इट कान्ट...' करवीर किंवा शिरोळ तालुक्यातल्या मुलाला उसाच्या लागणीच्या टिपरीवरचा डोळा कुणी शिकवावा लागत नाही. 'इट हॅज मेनी आइज, बट इट कान्ट सी. इट इज टॉल अँड स्वीट. वी मेक गूळ फ्रॉम इट.' हे कोडे त्याचे स्वतःचे असते, आणि ते घालताना आवाज आपोआप चढतो. 'गूळ'ला इंग्रजीत काय म्हणतात हे मग तोच विचारतो, तेव्हा 'जॅगरी' सांगावे, आधी नाही.

एका शब्दाच्या दोन अर्थांवरचे विनोद पाचवीपासून चालतात. 'व्हाय इज द रिव्हर पंचगंगा रिच? बिकॉज शी हॅज टू बँक्स.' काठ आणि पैशाची बँक. असा विनोद फोड करून सांगितला की मरतो. मुलाला तो घरी जाऊन सांगायला लावा. घरच्यांना कळला नाही तर अर्थ समजावण्याचे काम त्याच्यावर येते, आणि ते मूल ते फार मनापासून करते.

आता अभ्यासिकेत बसलेल्यांसाठी. बँकेच्या अधिकारी पदासाठी आयबीपीएसची पूर्वपरीक्षा असते. तिच्या शंभर प्रश्नांत तर्कक्षमतेचे 35 आणि इंग्रजीचे 30 असतात, आणि तर्काची कोडी इंग्रजीत नाहीतर हिंदीत वाचावी लागतात. मराठी माध्यमातून आलेले अनेक तरुण गणिती डोके असूनही बैठक-व्यवस्थेच्या प्रश्नात गुण घालवतात, आणि दोष तर्काला देतात. दहा चुकलेले प्रश्न पुन्हा उघडा आणि नेमके कोणते वाक्य उलटे वाचले ते पाहा. बहुतेक वेळा ते 'थर्ड टू द लेफ्ट ऑफ', 'नायदर... नॉर', 'अनलेस', 'ॲट लीस्ट', 'ओन्ली इफ' यांपैकी निघेल. 'सागर सिट्स थर्ड टू द लेफ्ट ऑफ नेहा' या वाक्यात सुरुवात सागरपासून होते, पण मोजायला नेहापासून लागायचे; शेवटच्या नावावर आधी बोट ठेवायची सवय लावा. मध्याकडे तोंड करून गोलात बसलेल्याची डावी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. हे पाठ करण्यापेक्षा सहा मित्र एकदा अंगणात गोल बसा, एकाने वाक्ये वाचा, बाकीच्यांनी जागा बदला. 'अनलेस' दिसला की ते वाक्य 'इफ... नॉट' करून वहीत लिहा. आणि आठवड्याला एक कोडे स्वतः इंग्रजीत रचा. उत्तर एकच निघावे म्हणून सूचना घासूनपुसून लिहाव्या लागतात, त्यात जेवढे इंग्रजी होते तेवढे दहा कोडी सोडवून होत नाही.

कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्यांनी रेमंड स्मल्यनचे 1978 सालचे 'व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?' जरूर पाहावे. नेहमी खरे बोलणारे आणि नेहमी खोटे बोलणारे यांची कोडी त्यात आहेत. 'इफ ही इज लाइंग, देन...' आणि 'ही सेड दॅट...' या रचना त्यांच्यावाचून पुढे सरकतच नाहीत.

वर्गात एक गोष्ट मात्र टाळा: सर्वांत आधी सुटले त्याचा जयजयकार. दोन वेळा असे झाले की बाकीचे चिठ्ठ्या खाली ठेवतात आणि ठराविक तिघांकडे पाहू लागतात. उत्तराला अर्धे गुण द्या, इंग्रजीत सांगितलेल्या कारणाला अर्धे, आणि कारण सांगायला गटातले कोणते मूल उठेल ते तुम्ही ठरवा.

मुख्याध्यापकांना विनंती आहे, की पुढचे जादा तासांचे वेळापत्रक लावताना बुद्धिमत्तेचा आठवड्यातला एक तास इंग्रजीतून ठेवा आणि त्या तासाला दोन्ही विषयांच्या शिक्षकांना एकाच वर्गात पाठवा. साहित्य म्हणाल तर वहीच्या एका पानाच्या चार चिठ्ठ्या आणि एक खडू लागतो.